सीटीच्या रिपोर्टात ‘कार्टिलेजमधला शिरकाव नाकारता येत नाही’ असं आलंय. आता एमआरआय करायचा का?

डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील साठीच्या पुढचे, अनेक वर्षं विडी ओढायची सवय, गेले काही महिने आवाज बसलेला. दुर्बिणीतून उजव्या व्होकल कॉर्डवर (स्वरतंतूवर) गाठ दिसली, ती कॉर्ड हलत नाही आणि बायॉप्सीत स्क्वेमस सेल कॅन्सर आला. सीटीच्या रिपोर्टची शेवटची ओळ म्हणते की थायरॉइड कार्टिलेज (स्वरयंत्राची पुढची ढाल, थायरॉइड ग्रंथी नव्हे) उजवीकडे स्क्लेरोटिक, म्हणजे दाट झालेलं आहे, त्यातला शिरकाव नाकारता येत नाही, एमआरआय करून पाहावा. एक डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढावंच लागेल. दुसरे म्हणतात किमो आणि रेडिएशनने वाचवता येईल. एमआरआयने याचा निकाल लागेल का, असं मुलाने विचारलंय.

बऱ्याचदा लागतो, पण प्रत्येक वेळी नाही. तुमच्या बाबांचे फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही ठामपणे सांगणं बरोबर होणार नाही. असा सीटी टेबलावर येतो तेव्हा आम्ही रेडिऑलॉजिस्ट विचार कसा करतो तेवढं सांगतो. ते कळलं की डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच समजेल.

आधी प्रश्न नीट मांडू. ‘कार्टिलेजमध्ये कॅन्सर शिरलाय का’ एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. किती शिरलाय आणि पलीकडे निघालाय का, यावर ठरतात. कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या सध्याच्या टीएनएम पद्धतीत (एजेसीसी या अमेरिकन समितीची आठवी आवृत्ती; यातला ‘टी’ म्हणजे मूळ गाठीचा पसारा) थायरॉइड कार्टिलेजचं फक्त आतलं कवच कुरतडलं असेल तर तो टी-३. बाहेरचं कवच फोडून गाठ पलीकडे गेली, किंवा कार्टिलेज न फोडताही स्वरयंत्राबाहेरच्या स्नायूंत, थायरॉइड ग्रंथीत, श्वासनलिकेत पोचली, तर टी-४ए. तुमच्या बाबांची कॉर्ड हलत नाही, म्हणजे कार्टिलेजचा विषय निघायच्या आधीच ते किमान टी-३ आहेत. आतलं कवच थोडं खाल्लेलं निघालं तरी स्टेज बदलत नाही. बदलते ती बाहेरचं कवच गेलं तर. म्हणून रिपोर्टातली ती ओळ वाचून घाबरण्याआधी विचारायचं ते हे: बाहेरच्या कवचाबद्दल काय दिसतंय?

आता ही ओळ इतक्या रिपोर्टांत का येते ते पाहू. थायरॉइड आणि त्याच्या खालचं कड्यासारखं क्रिकॉइड ही कार्टिलेजं तरुणपणी पूर्ण कूर्चेची, म्हणजे हाड नसलेली असतात. विशीनंतर त्यांत हळूहळू हाड भरायला लागतं आणि ते एकसारखं भरत नाही. उजवीकडे भरलं, डावीकडे अर्धंच. खालची कड भरली, मधला पट्टा तसाच राहिला. जिथे हाड झालंय तिथे बाहेर आणि आत पातळ कवच आणि मधे चरबीचा मगज. सीटीवर कवच पांढरं, मगज काळपट. जिथे हाड झालेलं नाही तिथे कूर्चा राखाडी दिसते आणि नेमकी गाठही तशीच राखाडी दिसते. गाठीला टेकलेल्या कार्टिलेजच्या पांढऱ्या रेषेत खंड दिसला, तर तिथे गाठीने हाड खाल्लं की तिथे हाड मुळात झालंच नव्हतं, हे साध्या सीटीवर नेहमी सांगता येत नाही.

त्यात अजून एक गोम आहे. कच्ची कूर्चा गाठीला बराच काळ दाद देत नाही, कारण तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हाड झालेल्या भागात रक्तवाहिन्या असतात, गाठ तिथूनच आत शिरते. म्हणजे वय जितकं जास्त आणि हाड जितकं भरलेलं, तितका शिरकाव सोपा.

स्क्लेरोसिस म्हणजे कार्टिलेजचा भाग नेहमीपेक्षा जास्त दाट, जास्त पांढरा होणं. गाठ शेजारी आली की कार्टिलेज तिच्या सुजेला उत्तर म्हणून हाड वाढवतं, पुष्कळदा गाठ आत शिरलेली नसतानाही. थायरॉइड कार्टिलेजमध्ये तर फक्त स्क्लेरोसिस असेल तर त्यावर मी शिरकाव धरत नाही. तिथे हे लक्षण फार फसवं आहे. क्रिकॉइड आणि ॲरिटेनॉइडमध्ये (कॉर्ड मागे ज्यांना जोडलेल्या असतात ती दोन छोटी कार्टिलेजं) त्याला जास्त वजन देतो, पण निरोगी माणसातही एका बाजूचा ॲरिटेनॉइड दुसरीपेक्षा पांढरा असू शकतो. तुमच्या रिपोर्टात थायरॉइडच्या बाबतीत फक्त ‘स्क्लेरोटिक’ एवढंच असेल, कुरतडल्याचं, विरघळल्याचं किंवा बाहेर गाठ असल्याचं काहीच नसेल, तर निव्वळ त्या एका शब्दावर स्वरयंत्र काढायचं ठरू नये.

सीटीवर ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो ते वेगळं. आतल्या कवचाची रेषा तुटलेली आणि त्याच जागी गाठ टेकलेली, ही कुरतड. मगजाच्या जागी राखाडी मांस आणि हाडाचा तुकडाच गायब, हे विरघळणं. आणि सगळ्यांत पक्कं म्हणजे कार्टिलेजच्या बाहेरच्या अंगाला, गळ्याच्या पट्ट्यासारख्या स्नायूंमध्ये, गाठीसारखंच कॉन्ट्रास्ट (फोटोत उजळ दिसण्यासाठी शिरेतून दिलेलं औषध) घेणारं मांस. हे शेवटचं स्पष्ट दिसलं की एमआरआयची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तो टी-४ए आहे, आणि एमआरआय तेच पुन्हा सांगेल.

वाचताना मी नेहमी दोन खिडक्यांत, म्हणजे स्क्रीनवरच्या काळ्या-पांढऱ्याच्या दोन सेटिंगमध्ये, फोटो पाहतो: मऊ भागांसाठी एक, हाडांसाठी दुसरी. मऊ खिडकीत पातळ कवच फुगून जाड दिसतं आणि बारीक कुरतड लपते. हाडाच्या खिडकीत कवच नीट दिसतं, पण बाहेर पसरलेलं मांस दिसत नाही. एकाच खिडकीतल्या छापील फिल्मवरून कार्टिलेजचा निवाडा करू नये. फिल्म दवाखान्यात दिवा लावून बघायला बरी, निर्णयासाठी नाही.

दोन जागा मी कधीच घाईत पाहत नाही. पहिली पुढची, कंठमण्याच्या आतल्या बाजूची, जिथे दोन्ही कॉर्ड एकत्र येतात ती अँटेरियर कमिशर. तिथे कॉर्डचा तंतुबंध थेट कार्टिलेजला चिकटतो आणि त्या टिकलीएवढ्या जागेत कार्टिलेजवरचं संरक्षक आवरण नसतं. कॉर्डवर लहान वाटणारी गाठ तिथे पोचली की सरळ कार्टिलेजमध्ये जाऊ शकते. दुसरी जागा खाली, थायरॉइड आणि क्रिकॉइडच्या मधला पडदा. गाठ तिथून कार्टिलेजला हातही न लावता बाहेर पडते. त्यामुळे ‘कार्टिलेज शाबूत’ एवढंच वाचून टी-४ए नाही असं समजू नये. रिपोर्टात या पडद्याचा उल्लेख नसेल तर विचारा.

उलटही फसगत होते. थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या भागात काही माणसांना जन्मतःच एक छोटं भोक असतं, त्यातून रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू जातो. गाठीच्या बाजूला ते दिसलं तर नवशिक्याला आरपार भोक पडल्यासारखं वाटतं. त्याच्या कडा गुळगुळीत असतात, जागा ठरलेली असते आणि भोवती गाठ नसते. कधी कधी दोन्ही बाजूंना असतं, तेव्हा दुसरी बाजू पाहिली की शंका मिटते.

आता एमआरआय. सीटी अडकतो तिथेच त्याचा उपयोग आहे. टी-१ फोटोत मगजातली चरबी पांढरी दिसते (इथले टी-१, टी-२ हे एमआरआयच्या फोटोंचे प्रकार, कॅन्सरच्या स्टेज नव्हेत). गाठीशेजारच्या कार्टिलेजमध्ये ती चरबी पांढरीच राहिली असेल, किंवा कच्ची कूर्चा टी-२ फोटोत काळपट असेल आणि कॉन्ट्रास्ट घेत नसेल, तर तिथे शिरकाव नाही असं बऱ्याच विश्वासाने सांगता येतं. एमआरआयचं खरं बळ या ‘नाही’मध्ये आहे. सीटी ज्याला ‘नाकारता येत नाही’ म्हणतो ते एमआरआय बऱ्याचदा नाकारू शकतो.

‘हो’ म्हणताना मात्र एमआरआयही सावधपणे वाचावा लागतो. चरबीची जागा काळी झाली म्हणजे तिथे काहीतरी आलंय, एवढंच कळतं. ते गाठ आहे की शेजारच्या गाठीमुळे आलेली सूज, हे ओळखण्यासाठी तो भाग मूळ गाठीशी ताडून पाहतो. टी-२ मध्ये आणि कॉन्ट्रास्टनंतर कार्टिलेजमधला भाग गाठीइतकाच उजळ असेल तर शिरकाव धरायचा. गाठीपेक्षा बराच जास्त उजळ असेल तर ती सूज असण्याची शक्यता जास्त. डिफ्यूजनच्या फोटोंची यात मदत होते: गाठीत पाण्याची हालचाल अडते, सुजेत त्यामानाने मोकळी असते. पूर्वी टी-२ वर उजळ दिसलेलं सगळंच शिरकावात धरलं जायचं आणि थायरॉइड कार्टिलेजच्या बाबतीत चुकीचे होकार भरपूर यायचे. आजही कुठे कुठे त्याच पद्धतीने रिपोर्ट निघतात. म्हणून ‘कार्टिलेजमध्ये सिग्नल बदललेला’ एवढंच लिहिलं असेल तर गाठीच्या तुलनेत कसा, हे विचारायलाच हवं.

ड्युअल एनर्जी सीटी उपलब्ध असेल तर तो मधला मार्ग आहे. त्यात कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनचा वेगळा नकाशा काढता येतो. गाठ आयोडीन घेते, कच्ची कूर्चा घेत नाही, त्यामुळे राखाडीत राखाडीचा गोंधळ बराच सुटतो. ज्यांना एमआरआयमध्ये अर्धा तास स्थिर पडणं जमत नाही त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय. मात्र पहिला सीटी साध्या पद्धतीने झाला असेल तर त्यातून हा नकाशा नंतर काढता येत नाही.

थोडक्यात इथपर्यंत: सीटीवर बाहेर गाठ स्पष्ट असेल तर एमआरआय नको. सीटीवर कार्टिलेज आणि पडदा दोन्ही स्वच्छ असतील तरीही बहुतेक वेळा नको. नुसता स्क्लेरोसिस, संशयास्पद खंड किंवा कमिशरजवळची गाठ असेल आणि उत्तर कळल्यावर उपचार खरोखर बदलणार असतील, तर करावा. तुमची केस वर्णनावरून या तिसऱ्या गटातली वाटते.

पण एमआरआय नीट झाला तरच. स्वरयंत्र ही शरीरातली फोटो काढायला सगळ्यांत त्रासदायक जागांपैकी एक आहे. गिळलं की हलतं, खोकला आला की हलतं, जोराने श्वास घेतला की हलतं. एकेक मालिका चार-पाच मिनिटांची असते, तेवढ्यात एकदा गिळलं तरी फोटो धूसर होतो. बाबांना आधीच सांगून ठेवा: मशीनचा आवाज सुरू असताना गिळायचं नाही, आवाज थांबला की गिळून घ्यायचं, श्वास नाकाने आणि हळू. पडल्यावर लाळ घशात साठत असेल, खोकला येत असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा, म्हणजे तो महत्त्वाच्या मालिका आधी घेईल. स्लाइस (फोटोतले काप) ३ मिलिमीटरच्या आसपास असाव्यात, त्याही कॉर्डला समांतर. पूर्ण गळ्याचा ५ मिलिमीटरचा सरसकट एमआरआय या प्रश्नाला पुरत नाही. अपॉइंटमेंट घेताना ‘स्वरयंत्रासाठी, कार्टिलेज बघायला, डिफ्यूजनसकट’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या.

सीटीची गुणवत्ताही एकदा तपासून घ्या, कारण काही वेळा एमआरआयपेक्षा नीट केलेला दुसरा सीटीच जास्त कामाचा ठरतो. कॉन्ट्रास्ट दिला होता का? स्लाइस एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होत्या का? दोन्ही बाजूंच्या खांद्यांची सावली क्रिकॉइडवर पडली आहे का? हात खाली खेचून खांदे उतरवले नाहीत तर ती पडते आणि नेमका खालचा भाग वाचता येत नाही. फोटो शांत श्वासावर घेतलेले हवेत. श्वास रोखून धरला की कॉर्ड मिटतात आणि गाठीची कड दिसत नाही. खऱ्या आणि खोट्या कॉर्डमधली फट आणि पायरिफॉर्म सायनस (स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे खळगे) उघडून पाहायचे असतील तर ‘ई’ म्हणायला लावून किंवा गाल फुगवून आणखी एक फेरी घेतात.

बायॉप्सी आधी झाली असेल तर तारखा पाहा. बायॉप्सीच्या जागी काही दिवस सूज आणि रक्त असतं, दोन्ही गाठीसारखे दिसतात. शक्य असेल तेव्हा सीटी, एमआरआय बायॉप्सीच्या आधी करावेत. ते हुकलं असेल तर किती दिवसांनी केले हे रिपोर्टात यायलाच हवं. गळ्यात श्वासासाठी नळी बसवली असेल आणि ती धातूची असेल, तर एमआरआयआधी प्लॅस्टिकची घालून घ्यावी लागते. पेसमेकर, डोळ्यात किंवा शरीरात धातूचा तुकडा असेल तर तेही सांगा. क्रिएटिनिनचा (किडनीच्या कामाच्या रक्त तपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. कॉन्ट्रास्टला तो लागतोच, आणि सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध द्यायचं ठरलं तर मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टही तोच आधी मागतील.

पेट-सीटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. लांब पसरलेल्या कॅन्सरसाठी आणि मानेतल्या लिम्फच्या गाठींसाठी तो चांगला. बाहेरचं कवच तुटलंय का, या बारीक प्रश्नाला तो उत्तर देत नाही, कारण सूजही त्यात चमकते. सोनोग्राफीचा उपयोग मानेच्या गाठीतून सुईने नमुना घ्यायला. कार्टिलेजसाठी ती करू नका.

आता तुमच्या दोन डॉक्टरांबद्दल. दोघंही बरोबर असू शकतात, त्यांच्या मनात स्टेज वेगळी आहे एवढंच. कार्टिलेज आरपार फुटलेल्या टी-४ए मध्ये स्वरयंत्र पूर्ण काढून मग रेडिएशन देणं हाच बहुतेक ठिकाणचा पहिला पर्याय आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन व्हेटरन्स अभ्यासात किमो-रेडिएशनच्या वाटेने गेलेल्या टी-४ रुग्णांपैकी अर्ध्याहून जास्त जणांचं स्वरयंत्र पुढे काढावंच लागलं. स्वरयंत्र वाचवण्याच्या पुढच्या मोठ्या अभ्यासात, आरटीओजी ९१-११ मध्ये, कार्टिलेज फोडून बाहेर गेलेल्या गाठी मुळात घेतल्याच नव्हत्या. त्यामुळे त्यातले चांगले निकाल टी-४ए ला लावता येत नाहीत. रेडिएशन झालेल्या गळ्यावर नंतर ऑपरेशन करायचं म्हटलं तर जखम भरणं अवघड होतं, घशातून बाहेर फिस्टुला (न भरणारं भोक) होण्याचा धोका वाढतो. उलट, टी-३ मध्ये आतलं कवच थोडं खाल्लंय एवढ्याने स्वरयंत्र काढण्याचं कारण होत नाही. तिथे ७ आठवड्यांत ७० ग्रे रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन ही प्रचलित वाट आहे.

पण फोटोंवर सगळं ठरत नाही. गिळताना ठसका लागून अन्न फुप्फुसात जातंय का, श्वासासाठी आधीच नळी घालावी लागलीय का, किडनी आणि ऐकणं सिस्प्लॅटिन झेलण्यासारखं आहे का, हे सगळं धरूनच ठरतं. कार्टिलेज शाबूत असूनही स्वरयंत्राचं काम संपलेलं असेल तर ते वाचवून हाती काही लागत नाही. ॲरिटेनॉइडमधल्या शिरकावाने एरवी टी बदलत नाही, पण अर्धवट काढण्याच्या ऑपरेशनला आणि पुढच्या गिळण्याला तो महत्त्वाचा. क्रिकॉइडमध्ये गाठ असेल तर अर्धवट ऑपरेशनचा विषयच बहुधा संपतो, कारण श्वासनलिकेला उघडं ठेवणारं पूर्ण वर्तुळ तेवढं एकच आहे.

म्हणून एमआरआयचा रिपोर्ट आल्यावर त्यात ही उत्तरं आहेत का पाहा: आतलं कवच, बाहेरचं कवच, क्रिकॉइड, दोन्ही ॲरिटेनॉइड, कमिशर, क्रिकोथायरॉइड पडदा, बाहेरचे स्नायू. प्रत्येकापुढे ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘संशय’ हवं. ‘कृपया क्लिनिकली पडताळावे’ एवढंच लिहून मोकळा झालेला रिपोर्ट परत नेऊन विचारायला लाजू नका. रेडिऑलॉजिस्टला दुर्बिणीतल्या तपासणीची चिठ्ठी दिली तर तो जास्त नेमकं लिहू शकतो. ती बऱ्याचदा फाइलमध्ये पडून राहते आणि आम्ही ‘गळ्यातली गाठ’ एवढ्या माहितीवर वाचत बसतो.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला जाणार असाल किंवा पुढे मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घेणार असाल, तर डिस्क किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइल (मशीनमधले मूळ डिजिटल फोटो) मागून घ्या, पातळ स्लाइससकट. बरीच केंद्रं फक्त जाड स्लाइस देतात आणि पातळ मूळ डेटा काही दिवसांनी मशीनवरून पुसला जातो, म्हणून हे आजच करा. मुंबईत फक्त फिल्म घेऊन गेलात तर बहुधा सीटी पुन्हा करायला सांगतील. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर कोणत्या तपासण्या आणि उपचार त्यात बसतात ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारून घ्या. आणि शक्य असेल तर दोन्ही डॉक्टरांना वेगवेगळं गाठण्यापेक्षा केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवायला सांगा, जिथे सर्जन, रेडिएशनवाले आणि रेडिऑलॉजिस्ट एकाच स्क्रीनसमोर बसतात.

एक गोष्ट मात्र एमआरआयच्या तारखेसाठी थांबवू नका. बाबांना श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, रात्री सपाट झोपता येत नसेल, बोलताना धाप लागत असेल, तर थेट कॅज्युअल्टीत न्या आणि कान-नाक-घसावाल्यांना बोलवायला सांगा. अशा अवस्थेत एमआरआयच्या बोगद्यात अर्धा तास पाठीवर झोपवणं धोक्याचं आहे. आधी श्वासाची वाट सुरक्षित करायची, फोटो नंतर.